संवादचौकटीविना थेट छपाई : दूध संकलन केंद्र आणि मृद परीक्षण प्रयोगशाळेसाठी उपयुक्त पद्धती

प्रस्तावना

भारतातील सहकारी दूध संस्थांचे संकलन दिवसातून दोन वेळा, ठरावीक वेळेत होते. सभासद दूध घेऊन रांगेत उभे राहतात. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होते, मिल्क ॲनालायझरवर फॅट व एसएनएफ मोजले जाते, संगणक त्यानुसार दर व रक्कम काढतो आणि सभासदाच्या हाती पावती येते. खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची आणंद येथे १९४६ मध्ये नोंदणी झाली. त्यातून पुढे देशभर पसरलेल्या सहकारी पद्धतीचा पाया गुणवत्तेनुसार दर आणि उत्पादकासमोर होणारे मोजमाप हाच आहे. पावती हा त्या मोजमापाचा उत्पादकाजवळ राहणारा पुरावा होय.

अनेक लहान केंद्रांवर आणि प्रयोगशाळांमध्ये हे काम एक्सेल, ब्राउझर किंवा स्थानिक पातळीवर तयार करून घेतलेल्या संगणक प्रणालीवर चालते. अशा ठिकाणी प्रत्येक पावतीच्या वेळी पडद्यावर एक चौकट उघडते. कोणता प्रिंटर, किती प्रती, कोणती पाने, असे ती विचारते. कर्मचारी दरवेळी तेच उत्तर देतो. एका केंद्रावर १५० सभासद दोन्ही वेळा दूध घालतात आणि या चौकटीत प्रत्येक वेळी ५ सेकंद जातात असे मानले, तर दररोज २५ मिनिटे केवळ या उत्तरात खर्च होतात. हा वेळ रांगेतील उत्पादकाचा असतो. शिवाय काट्यावर थांबलेल्या दुधाला थंड होण्यास तेवढाच उशीर लागतो.

ही चौकट टाळून थेट छपाई करणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. मात्र चौकट ज्या गोष्टी विचारत होती, त्यांची उत्तरे आधी निश्चित केल्याशिवाय ती बंद केली, तर वेळ वाचतो आणि चुका वाढतात. म्हणून प्रस्तुत लेखात थेट छपाईच्या पद्धतींबरोबरच त्यापूर्वी घ्यावयाच्या निर्णयांचा विचार केला आहे.

संवादचौकट नेमके काय विचारते?

डॉसच्या काळातील प्रणाली पावतीचा मजकूर सरळ समांतर पोर्टवर पाठवीत असत. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तो अक्षर-अक्षर छापत असे. त्या वेळी छपाईची कोणतीही चौकट नव्हती. १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ पासून सर्व प्रणालींना वापरता येईल अशी छपाईची एक सामायिक संवादचौकट उपलब्ध झाली. पत्र, अहवाल, तक्ता अशा बदलत्या कामांसाठी ती सोयीची आहे. दिवसभर एकाच आकाराची, एकाच प्रकारची पावती छापणाऱ्या केंद्रासाठी मात्र ती अडथळा ठरते.

चौकटीतून प्रत्यक्षात चार निर्णय घेतले जातात.

१. छपाई कोणत्या प्रिंटरवर करावयाची.
२. किती प्रती काढावयाच्या.
३. कोणती पाने छापावयाची.
४. कागदाचा आकार आणि दिशा कोणती.

याखेरीज चौकटीत ‘रद्द करा’ हे बटण असते. कर्मचाऱ्याला एक क्षण थांबून पडद्यावरील नोंद पाहण्याची ती शेवटची संधी असते. थेट छपाईत ही संधीही नाहीशी होते, याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

छपाईचा मार्ग

प्रणालीतून निघालेली पावती प्रथम प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे जाते. ड्रायव्हर तिचे त्या प्रिंटरला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतो. त्यानंतर ती स्पूलर या प्रतीक्षा-रांगेत थांबते आणि प्रिंटर मोकळा झाल्यावर छापली जाते. संवादचौकट या मार्गाचा आवश्यक भाग नाही. प्रणालीने प्रिंटरचे नाव, प्रती व कागदाचा आकार स्वतःच पुरविला, तर चौकट उघडण्याची गरज राहत नाही.

दुसरीही एक बाब ध्यानात घ्यावी. स्पूलरने काम स्वीकारले म्हणजे कागद छापून झाला असे नाही. कागद संपला असेल, झाकण उघडे असेल किंवा तार निघाली असेल, तरी प्रणालीच्या दृष्टीने छपाई ‘झाली’ अशी नोंद होऊ शकते. थेट छपाईतील बहुतेक तक्रारींचे मूळ या तफावतीत आढळते.

प्रचलित साधनांमध्ये थेट छपाई

एक्सेल व वर्ड : या दोन्ही प्रणालींत ‘क्विक प्रिंट’ हे बटण वरच्या पट्टीवर आणून ठेवता येते. त्यावर क्लिक करताच चौकट न उघडता डिफॉल्ट प्रिंटरवर एक प्रत निघते. यासाठी कोणत्याही प्रोग्रॅमिंगची गरज नाही. एक्सेलमध्ये मॅक्रो वापरला जात असल्यास ‘प्रिंटआउट’ या आज्ञेने थेट छपाई होते. तिच्यातच प्रिंटरचे नाव, प्रतींची संख्या आणि पानांची मर्यादा देता येते. त्याआधी पावतीचा भाग ‘प्रिंट एरिया’ म्हणून निश्चित करावा. अन्यथा संपूर्ण तक्ता छापला जातो.

लिबरऑफिस : ही मोफत प्रणाली आज्ञेद्वारे चालविता येते. एका पर्यायाने फाइल डिफॉल्ट प्रिंटरवर, तर दुसऱ्या पर्यायाने नाव दिलेल्या प्रिंटरवर थेट पाठविता येते. लिनक्सवर चालणाऱ्या केंद्रांनाही हा मार्ग उपयुक्त आहे.

पीडीएफ फाइल : अनेक प्रणाली पावती किंवा मृदा आरोग्य पत्रिका पीडीएफ स्वरूपात तयार करतात. सुमात्रा पीडीएफ या मोफत वाचकात आज्ञेद्वारे, विशिष्ट प्रिंटरचे नाव देऊन, कोणतीही चौकट न दाखविता छपाई करण्याची सोय आहे.

ब्राउझर : संकेतस्थळावर चालणारी प्रणाली स्वतःहून थेट छपाई करू शकत नाही. सुरक्षिततेसाठी ब्राउझर तशी मोकळीक संकेतस्थळांना देत नाहीत. मात्र केंद्रावरील संगणकात ती व्यवस्था करता येते. क्रोमच्या शॉर्टकटमध्ये ‘किऑस्क प्रिंटिंग’ हा पर्याय जोडल्यास छपाईचे पूर्वदर्शन न उघडता पान थेट प्रिंटरकडे जाते. त्यासाठी क्रोमच्या आधीच्या सर्व खिडक्या बंद करून तो त्याच शॉर्टकटमधून सुरू करावा लागतो. फायरफॉक्समध्येही प्रगत सेटिंग्जमध्ये तशी सोय आहे. अशी व्यवस्था केवळ पावतीच्या कामासाठी राखलेल्या संगणकावरच करावी. ज्या संगणकावर इतर संकेतस्थळेही पाहिली जातात, त्यावर ती करू नये. कारण मग कोणत्याही पानावरून विचारणा न होता कागद निघू शकतो.

स्वतंत्रपणे तयार करून घेतलेली प्रणाली : डॉट नेट किंवा जावा यांसारख्या भाषांत छपाई आणि छपाईची चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकट उघडण्याची आज्ञा वगळून केवळ छपाईची आज्ञा दिली, तरी काम होते. डॉट नेटमध्ये त्यानंतरही ‘पान छापले जात आहे’ अशी एक लहान खिडकी दिसते. साधा छपाई-नियंत्रक निवडल्यास तीही दिसत नाही. प्रणाली तयार करून घेताना संस्थेने ही मागणी लेखी नोंदवावी आणि सोबत प्रिंटर निवडण्याचे वेगळे सेटिंग पान मागावे. प्रिंटरचे नाव प्रणालीत कायमचे कोरलेले असल्यास प्रिंटर बदलताच केंद्र अडते.

डिफॉल्ट प्रिंटर की नाव दिलेला प्रिंटर?

थेट छपाईतील सर्वाधिक घोटाळा येथे होतो. विंडोज १० व ११ मध्ये ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा’ असा एक पर्याय आहे. तो चालू असल्यास शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. सायंकाळी कोणी मासिक अहवाल ए-४ प्रिंटरवर छापला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या सभासदाची छोटी पावती ए-४ कागदावर निघते. चौकट असती, तर चूक तेथेच दिसली असती.

म्हणून हा पर्याय प्रथम बंद करावा. संगणकाला एकच प्रिंटर जोडलेला असेल, तर डिफॉल्टवर अवलंबून राहणे चालते. दोन किंवा अधिक प्रिंटर असतील, तर प्रत्येक दस्तऐवजासाठी प्रिंटरचे नाव प्रणालीत स्वतंत्रपणे द्यावे. नाव ‘पावती’, ‘लेबल’, ‘अहवाल’ असे कामावरून ठेवल्यास प्रिंटर बदलला तरी नवीन प्रिंटरला तेच नाव देऊन काम सुरू ठेवता येते.

देवनागरी व इतर भारतीय लिप्यांतील पावती

पावतीसाठी बहुधा थर्मल प्रिंटर वापरला जातो. ५८ मिमी रुंदीच्या कागदावर सामान्यतः ४८ मिमी, तर ८० मिमी कागदावर ७२ मिमी इतका भाग छापता येतो. प्रति इंच २०३ बिंदूंच्या प्रिंटरवर हे अनुक्रमे ३८४ व ५७६ बिंदू होतात. असे प्रिंटर एप्सन कंपनीने विकसित केलेल्या ईएससी-पॉस या आज्ञासंचावर चालतात आणि ड्रायव्हरशिवायही मजकूर स्वीकारतात. मजकूर याप्रमाणे सरळ पाठविल्यास छपाई अतिशय जलद होते.

तथापि, बहुतांश अशा प्रिंटरमध्ये देवनागरी, गुजराती, तमिळ किंवा कन्नड अक्षरे अंगभूत नसतात. काहींत ती असली तरी जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी येत नाहीत. परिणामी सभासदाचे नाव प्रश्नचिन्हांच्या किंवा निरर्थक खुणांच्या रूपात उमटते. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, विंडोजचा ड्रायव्हर वापरून युनिकोड फाँटमध्ये छपाई करणे. दुसरा, प्रणालीनेच पावतीचे चित्र तयार करून ते बिंदूंच्या रूपात पाठविणे. दोन्ही पद्धतींत वेग थोडा कमी होतो. परंतु सभासदाला स्वतःच्या भाषेत नाव, लिटर, फॅट, दर व रक्कम वाचता येते. जी पावती उत्पादकाला वाचताच येत नाही, ती पुरावा म्हणून अपुरी ठरते.

थेट छपाईतील धोके व त्यांवरील उपाय

चुकीचा सभासद क्रमांक : ४७ ऐवजी ७४ टंकला गेला आणि बटण दाबताच पावती निघाली, तर दूध एकाचे आणि रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जाते. पूर्वी चौकटीसमोर घेतलेल्या क्षणभराच्या विरामात अशी चूक ध्यानात येत असे. थेट छपाईत तो विराम दुसऱ्या ठिकाणी आणावा लागतो. क्रमांक टाकताच सभासदाचे नाव मोठ्या अक्षरांत पडद्यावर यावे आणि शक्य असल्यास सभासदाकडे तोंड केलेला दुसरा फलक असावा. कर्मचाऱ्याने नाव मोठ्याने उच्चारून मगच बटण दाबावे. या सवयीला खर्च येत नाही.

नोंद आधी, छपाई नंतर : प्रणालीने प्रथम नोंद जतन करावी, तिला पावती क्रमांक द्यावा आणि त्यानंतरच छपाईस पाठवावे. क्रम उलटा असल्यास आणि मध्येच वीज गेल्यास सभासदाच्या हाती पावती असते. पण संस्थेच्या नोंदीत दूध नसते. दहा किंवा पंधरा दिवसांनी बिल निघताना हा वाद उभा राहतो.

पुनर्मुद्रण : कागद अडकला म्हणून कर्मचारी पुन्हा तेच बटण दाबतो आणि दुसरी नोंद तयार होते, असे घडू नये. पुनर्मुद्रणाचे बटण स्वतंत्र असावे. त्यातून निघणाऱ्या पावतीवर मूळ क्रमांक आणि ‘दुसरी प्रत’ असा शब्द छापला जावा. एकदा बटण दाबल्यावर नोंद पूर्ण होईपर्यंत ते निष्क्रिय राहावे, म्हणजे घाईत दोनदा दाबले तरी एकच नोंद होते.

साठलेली रांग : प्रिंटर बंद असताना पाठविलेली कामे स्पूलरमध्ये साठतात. प्रिंटर सुरू होताच आदल्या दिवशीच्या पावत्या एकामागून एक बाहेर पडतात आणि पहिल्या सभासदाच्या हाती भलत्याचीच पावती जाते. यासाठी संकलन सुरू करण्यापूर्वी प्रिंटरची रांग रिकामी असल्याची खात्री करावी. प्रत्येक पावतीवर दिनांक, वेळ आणि सत्र छापलेले असावे.

न छापलेली पावती : प्रिंटरकडून येणाऱ्या सूचनेवर पूर्णतः विसंबू नये. कागद हाती आला हीच छपाईची खरी खूण मानावी. पावती सभासदाला देईपर्यंत पुढील क्रमांक टाकू नये, हा नियम पाळल्यास सुटलेली पावती तेथेच लक्षात येते.

मृद परीक्षण प्रयोगशाळेतील उपयोग

मृद परीक्षण प्रयोगशाळेत थेट छपाईचा सर्वाधिक लाभ नमुन्याच्या लेबलसाठी होतो. नमुना दाखल होताच त्याला प्रयोगशाळा क्रमांक मिळतो. त्यानंतर वाळविणे, कुटणे, चाळणे आणि विश्लेषण या सर्व टप्प्यांत शेतकऱ्याचे नाव मागे पडते आणि केवळ क्रमांक उरतो. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन या १२ घटकांची माहिती दिली जाते. लेबल चुकले, तर विश्लेषण अचूक असूनही या बाराही घटकांची माहिती आणि त्यावर आधारित खत शिफारस दुसऱ्याच शेतासाठी जाते. ही चूक नंतर कोणत्याही तपासणीत सहज सापडत नाही.

येथे प्रतींची संख्या आधीच ठरवावी. एक लेबल पिशवीवर, दुसरे नोंदवहीत अशी पद्धत असल्यास प्रणालीने दरवेळी नेमकी दोन लेबले काढावीत. लेबलवर प्रयोगशाळा क्रमांक, गाव, गट किंवा खसरा क्रमांक आणि दिनांक असावा. क्यूआर कोड असल्यास पुढील टप्प्यांत क्रमांक हाताने टंकावा लागत नाही.

लेबल प्रिंटरमध्ये दोन लेबलांमधील मोकळी जागा संवेदकाने ओळखली जाते. ड्रायव्हरमधील लेबलचा आकार आणि प्रत्यक्ष रोलचा आकार जुळत नसल्यास मजकूर दोन लेबलांत विभागला जातो किंवा मधले लेबल कोरे जाते. म्हणून नवीन रोल बसविल्यावर प्रिंटरचे कॅलिब्रेशन करून एक चाचणी लेबल काढावे आणि ते फाडून टाकावे. प्रयोगशाळेत पत्रिकेसाठी ए-४ प्रिंटर आणि लेबलसाठी वेगळा प्रिंटर असतो. त्यामुळे नाव देऊन छपाई करण्याचा नियम येथे अपरिहार्य आहे.

अंतिम पत्रिकेची थेट छपाई मात्र सरसकट करू नये. पत्रिका हा शिफारशीचा दस्तऐवज आहे. तो जबाबदार अधिकाऱ्याने पडद्यावर तपासून मान्य केल्यानंतरच छापला जावा. मान्यता मिळालेल्या पत्रिकांचा संच एकत्र छापताना चौकट टाळणे योग्य ठरते. दररोज तोच निर्णय घ्यावा लागत असेल तेथे चौकट टाळावी. जेथे प्रत्येक वेळी विचार आवश्यक आहे, तेथे ती ठेवावी.

कागदाचे आयुष्य

थर्मल कागदावरील मजकूर उष्णता, सूर्यप्रकाश, तेल आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकच्या संपर्काने फिकट होतो. खिशात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली दूध पावती बिलाच्या दिवसापर्यंत वाचण्याजोगी राहिली तरी पुढील वर्षी ती कोरी दिसू शकते. कर्ज प्रकरण किंवा विम्यासाठी पुरावा लागत असल्यास संस्थेने बिलाच्या वेळी साध्या कागदावर सर्व पावत्यांचे विवरण द्यावे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर संथ व आवाज करणारा असला तरी त्यावर कार्बन प्रत निघते आणि मजकूर दीर्घकाळ टिकतो. ओलसर मातीच्या पिशवीवरील लेबलसाठी रिबन वापरणारा थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर आणि न फाटणारे प्लॅस्टिकचे लेबल अधिक योग्य असते.

अंमलबजावणीचा क्रम

१. केंद्रावर छापल्या जाणाऱ्या सर्व दस्तऐवजांची यादी करावी. कोणता दस्तऐवज नेहमी एकसारखाच छापला जातो आणि कोणत्यात बदल होतो, हे ठरवावे.
२. एकसारख्या दस्तऐवजासाठी प्रिंटर, प्रती, पाने व कागदाचा आकार लिहून निश्चित करावा.
३. विंडोजमधील आपोआप डिफॉल्ट बदलणारा पर्याय बंद करावा आणि प्रिंटरना कामावरून नावे द्यावीत.
४. ड्रायव्हरमध्ये कागदाचा नेमका आकार भरून भारतीय लिपीतील नमुना पावती छापून पाहावी.
५. उपलब्ध प्रणालीनुसार थेट छपाईची पद्धत निवडावी.
६. कागद काढून, तार काढून आणि वीज बंद करून तीन चाचण्या घ्याव्यात. प्रत्येक वेळी नोंद सुरक्षित राहते का आणि दुबार नोंद होते का, हे तपासावे.
७. पहिले काही दिवस पावत्यांची संख्या आणि नोंदींची संख्या सत्राच्या शेवटी जुळवून पाहावी.
८. पुनर्मुद्रण व रद्द करण्याचे अधिकार कोणाला आहेत, हे केंद्रावर लावलेल्या सूचनेत लिहावे.

निष्कर्ष

संवादचौकटीविना छपाई ही काही मिनिटांत होणारी तांत्रिक व्यवस्था आहे. तिचे यश चौकटीतील चारही प्रश्नांची उत्तरे आधी ठरविण्यावर आणि ‘रद्द करा’ या पाचव्या संधीची जागा नाव उच्चारणे, फलक दाखविणे व स्वतंत्र पुनर्मुद्रण यांनी भरून काढण्यावर अवलंबून आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी केंद्राला भेट देताना पावती किती लवकर निघते एवढेच न पाहता, कागद संपल्यावर काय होते हेही करून पाहावे. रांगेतील उत्पादकाचे श्रम अखेर त्या छोट्या कागदावर नोंदले जातात. तो कागद वेळेवर, त्याच्या भाषेत आणि त्याच्याच नावाने निघणे आवश्यक आहे.